व्याख्यानातलं शेवटचं वाक्य

बूढापारा, रायपूर
१६ जानेवारी २०१८

चि. देवश्रीस,

फोन तू उचलत नाहीस, नको उचलू. पण दारात आलेलं पत्र न फोडता फेकणं तुझ्याच्यानं होणार नाही. लहानपणी शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकासुद्धा तूच फोडायचीस. म्हणून हे पत्र.

तुझा राग कशाचा आहे ते मला माहीत आहे आणि तो मला मान्य नाही. रायपूरच्या सेठजींनी तुमची इटलीची बेर्सांती कंपनी विकत घेतली, यात माझा काय दोष? ते डबे बनवायचं काम तिकडून उचलून रायपूरबाहेर उरला इथल्या त्यांच्या कारखान्यात आणणार म्हणतात, तो त्यांचा व्यवहार. रेल्वेच्या डबे दुरुस्तीत उभा जन्म गेलेला माणूस निवृत्तीनंतर घरात बसून काय करणार, भिंतीवरच्या पाली मोजणार? त्यांनी सल्लागार म्हणून बोलावलं, मी गेलो. आणि तू, डिझाइन विभागातली शिकलीसवरलेली इंजिनियर, काम हलवू देणार नाही म्हणत तिथल्या कामगारांबरोबर फाटकाबाहेर तंबूत जाऊन बसलीस. मी एवढंच म्हटलं की बाई, थोडं नमतं घे. तर तू हिंदीत गेलीस. रागावलीस की तू हिंदीत जातेस, हे पहिलीपासूनचं. "बाबा, आप उनके यहाँ जाओगे तो मुझसे बात मत करना." मी गेलो आणि तू शब्द पाळलास. बापाचीच मुलगी.

असो. कारण वेगळं आहे. आपल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत यंदा नागपूरचे एक प्राध्यापक येणार होते, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. अध्यक्ष शरच्चंद्रराव घरी आले, म्हणाले, रत्नाकरराव, आता तुम्हीच. आयुष्यभर सतरंजीवर बसून दुसऱ्यांची व्याख्यानं ऐकली, आता आपण समईशेजारी उभं राहायचं! मी विषय दिला आहे, 'इटलीतल्या एका रेल्वे कारखान्याची शंभर वर्षं'.

साहित्य सगळं तुझंच. तू पहिली दोन वर्षं लांबलांब ईमेल लिहायचीस ना, घरमालक जेनारो रात्री जेवताना काय काय सांगतो त्याबद्दल, ती सगळी मी छापून ठेवली आहेत. बघ बरं, काही चुकत असेल तर आईला सांग. १९०७ साली म्हातारा बेर्सांती घोड्यांच्या बग्ग्या बनवायचा. डोंगरातल्या छोट्या लाइनीला डबे हवे होते आणि कुणी करून देईना, तर यानं बग्गीचाच सांगाडा लांब केला आणि खाली रुळाची चाकं दिली. म्हणून त्यांच्या पहिल्या डब्यांना बग्गीसारखी गोल दारं. हे वाचताना मला आपल्या धमतरीच्या छोट्या लाइनीची आठवण आली. ती शहरातून उखडली, तिथे आता सडक होणार आहे.

मग १९४३. जर्मन सैनिक कारखान्यातली यंत्रं उचलून न्यायला लागले, तेव्हा कामगारांनी ती सुटी केली, गवताखाली लपवून बैलगाडीतून नेली आणि दोन्ना कार्मेला नावाच्या एका विधवेच्या दारूच्या तळघरात दडवली. ती जेनारोची आजी. ८०च्या भूकंपात कारखान्यानं कोरे डबे मोकळ्या रुळावर उभे करून बेघर लोकांना राहायला दिले आणि जेनारोचा संसार त्यातल्याच एका डब्यात सुरू झाला. यापुढे बोलायला फारसं काही नाही. कर्ज, टाळेबंदी, कारभार बघायला सरकारनं नेमलेला माणूस, आणि मग आपले सेठजी. तो भाग मी आटोपता घेणार आहे.

जेनारोला माझा नमस्कार सांग. त्यानं धाडलेले ऑलिव्ह संपले, पण बरणी आईनं ठेवली आहे, तिच्यात सध्या बोरकूट असतं. त्याला सांडगी मिरची मानवली का? तुमच्याच कारखान्यातला फिटर माणूस आहे, मानवलीच असेल.

आईशी तू रविवारी बोलतेस तेव्हा मी काही ऐकत नाही. घर लहान आहे, आवाज येतो, तेवढंच.

तुझा,
बाबा


बूढापारा, रायपूर
१२ फेब्रुवारी २०१८

चि. देवश्रीस,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. पण काल तुझ्या बापानं मैदान मारलं, हे तुला कळायला हवं.

सभागृह भरलं होतं. शरच्चंद्ररावांच्या हिशेबानं नेहमीच भरलेलं असतं, पण काल खरोखर भरलं होतं. पहिली पाच मिनिटं मी समोरच्या तांब्याकडे बघून बोललो. मग बग्गीचा डबा झाला तो किस्सा सांगितला, लोक हसले आणि मी सुटलो. तुला ठाऊक आहे, मी एकदा सुटलो की थांबत नाही. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत, असं माझी आजी म्हणायची. काल माझी माती हातोहात खपली.

भूकंपाच्या वेळी दोघीतिघींनी डोळे पुसले. दोन्ना कार्मेलाचं तळघर मी असं उभं केलं की जणू आपल्या बूढापाऱ्यात, तलावाच्या बाजूला आहे. जर्मन अधिकारी वर तिच्या चुलीपाशी बसून दारू पितो आहे आणि खाली त्याच दारूच्या पिंपांमागे कारखाना झोपला आहे! हे वाक्य माझं, तुझ्या ईमेलमध्ये नव्हतं.

शेवटाकडे सभा थोडी सैल झाली. मागे चहाचे कप वाजायला लागले. शेवट बेताचा होऊन चालत नाही, म्हणून जरा रंगवला. वक्त्याला तेवढी मोकळीक असते. टाळ्या बराच वेळ होत्या. शाल आणि श्रीफळ मिळालं.

आमच्या उरल्याच्या कारखान्याचे व्यवस्थापक शेखरही आले होते. पुण्याचे, तरुण आहेत, गेल्याच वर्षी इथे आले. तिसऱ्या रांगेत बसून मन लावून ऐकत होते. आज सकाळी मिठाई घेऊन घरी आले. म्हणाले, काका, असं काही आम्ही कॉलेजातही ऐकलं नाही. मग पुन्हा सगळं विचारून घेतलं, बाईचं नाव काय, तळघर गावात कुठल्या बाजूला. इतिहासाची आवड असलेली मुलं आता कुठे राहिलीत? मी चांगलं तासभर सांगत बसलो.

आई कालपासून माझ्याशी बेताचंच बोलते आहे. शेखर आले तेव्हा चहा ठेवून आत गेली ती बाहेर आली नाही. घरी पाहुणे येऊन दगदग झाली असावी.

तुझ्या तंबूत थंडी फार असेल. कान झाकत जा.

तुझा,
बाबा


बूढापारा, रायपूर
५ मार्च २०१८

चि. देवश्रीस,

आईनं रडत रडत सांगितलं. याआधी मला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे आधी लिहून ठेवतो.

डब्याची बाजूची भिंत ज्या मोठ्या पोलादी साच्यात धरून जोडतात, त्याचे मापाचे ठोकळे तुम्ही लोकांनी काढून लपवले होते, असं आई म्हणाली. मी या कामातला माणूस आहे, मला लगेच समजलं. ठोकळे नसले तर साचा म्हणजे नुसता पिंजरा. तो जहाजात घालून उरल्याला आणला तरी त्यात एक डबा सरळ जोडता यायचा नाही. ते नव्यानं घडवायचे तर वर्ष-दीड वर्ष जातं, आणि तेवढ्यात काम हलवण्याविरुद्धचा तुमचा खटला उभा राहिला असता. युक्ती चांगली होती. लपवायची जागाही चांगली होती. पण कंपनीचे वकील पोलीस घेऊन थेट दोन्ना कार्मेलाच्या तळघरावर गेले, इकडेतिकडे कुठे बघितलंसुद्धा नाही, असं आई म्हणते.

किल्ली जेनारोकडे होती. तळघर त्याच्या आजीचं. तंबूतल्या लोकांनी त्याच्यावर बोट ठेवलं यात नवल नाही. बेकरीत त्याच्या बायकोला कुणी पाव देत नाही, तो तंबूत आला की सगळे उठून जातात, आणि तूही त्याच्या घरातली वरची खोली सोडून मैत्रिणीकडे राहायला गेलीस, हे ऐकून वाईट वाटलं. पण माणूस ओळखणं कठीण असतं, बेटा. वरून कितीही प्रेमळ दिसला तरी प्रसंग आल्याशिवाय माणूस कळत नाही. घरभेदी नेहमी घरातलाच असतो. तू खोली सोडलीस ते बरंच केलंस.

तू जपून राहा. झालं ते झालं. आता त्या लोकांत फार गुंतू नकोस.

तुझा,
बाबा


बूढापारा, रायपूर
२८ मार्च २०१८

देवू,

मागचं पत्र तुझ्याजवळ असेल तर फाडून टाक. नको, फाडू नकोस. ते मीच लिहिलं आहे.

परवा उरल्याला पेट्या आल्या. विमानानं मुंबईला आणि तिथून ट्रकनं. मला उघडायला बोलावलं, कारण असले साचे हाताळलेला तिथे दुसरा कुणी नाही. पेटीत ठोकळे तेल लावून, जुन्या कपड्यांत गुंडाळून ठेवले होते. कंपनीनं नव्हे, तुम्ही लोकांनी गुंडाळलेले. एकावर लहान मुलाच्या सदऱ्याची बाही होती, बटणासकट. कुणीतरी घरातून आणलेली.

शेखरनी सगळ्या इंजिनियरांना भोवती गोळा केलं आणि म्हणाले, "हे आज आपल्या हातात आहेत ते रत्नाकरकाकांच्या व्याख्यानामुळे. काकांनी त्या दिवशी सांगितलं नसतं, तर आपण अजून शोधतच बसलो असतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. सवयीनं हात जोडले गेले, देवू. घरी येईपर्यंत मला माझ्याच हातांची शिसारी येत होती.

तर ऐक. व्याख्यानाचा शेवट मी रंगवला असं लिहिलं होतं. कसा रंगवला ते लिहिलं नव्हतं. मागे कप वाजत होते. दोघं जण उठून चपला शोधत होते. आणि मी म्हणालो, "मंडळी, इतिहास संपलेला नाही. ज्या तळघरानं जर्मनांना चकवलं, तेच तळघर आज पुन्हा त्या कारखान्याची लाज राखून आहे. एवढंच सांगतो, जास्त विचारू नका." चपला शोधणारे दोघं थांबले आणि वळून उभे राहिले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या दोन माणसांना थांबवायला मी तुम्हा सगळ्यांना विकलं.

आता तू विचारशील, बाबांना कुठून कळलं? जानेवारीतल्या एका रविवारी तू आईशी बोलत होतीस. हल्ली तिला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन मोठ्यानं लावते. मी मागच्या पडवीत दाढी करत होतो. तू म्हणालीस, "आई, एक बात है, बाबा को मत बताना." ते ऐकून मी वस्तरा खाली ठेवला आणि तळघराचं सगळं दारापाशी उभं राहून ऐकलं. तू माझ्यावर विश्वास टाकलास आणि मी तो मोडला असंही झालं नाही. तू विश्वास टाकलाच नव्हतास, आणि तुझंच बरोबर निघालं.

मी स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं. ठोकळे कायद्यानं सेठजींचेच होते. बूढापाऱ्यातल्या मराठी व्याख्यानातलं वाक्य इटलीपर्यंत पोचेल असं कुणाला वाटलं असतं? पण शेखर तिसऱ्या रांगेत बसलेले मला दिसत होते. मला दिसत होते आणि मी बोललो. दुसऱ्या दिवशी ते मिठाई घेऊन आले आणि तळघर कुठल्या बाजूला म्हणून विचारू लागले, तेव्हा मला एकदा शंका आली. तरी मी सांगितलं. चर्चच्या मागे, उताराला. इतक्या आदरानं मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

काल जेवताना मी आईला सांगायला लागलो. तिनं ताट सरकवलं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "मी पहिल्याच रांगेत होती. तुमच्या तोंडातून ते निघालं, मी ऐकलं. तवापासून वाट पाहून राहिली मी, का हा माणूस कधी बोलते."

"मग तू पोरीले काहून नाही सांगितलं?"

"मी काहून सांगू? बोलले तुम्ही. तिनं तुम्हाले नको सांगू म्हटलं होतं, मी नाही सांगितलं. मले तेवढंच जमते."

त्यावर ती उठली आणि ओट्यापाशी उभ्यानंच जेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिनं कधी केलं नव्हतं.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. जेनारोला हळूच सांग की बातमी कुणीच फोडली नाही, कंपनीनं आपलं आपणच शोधलं. जुन्या कागदांत, वर्तमानपत्रात तळघराचा उल्लेख असेल, असं काहीतरी. तंबूतल्या लोकांनाही तसंच सांग. माझं नाव मध्ये आलं तर तुझंच नुकसान आहे. लोक म्हणतील, हिच्याच घरातून गेलं. मी हे तुझ्या भल्यासाठी सांगतो आहे.

बाबा


बूढापारा, रायपूर
२४ एप्रिल २०१८

देवू,

रविवारी तू आईला म्हणालीस, "बाबा से कहना, मैं किसी को नहीं बताऊँगी." बाकी काही बोलली नाहीस. आईनं निरोप दिला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

मला किती सुटल्यासारखं वाटलं ते तुला सांगतो. त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला. तलावावर चक्कर मारली, ओळखीच्यांना आपणहून हाका मारल्या. गेले कित्येक दिवस लोकांना चुकवून गल्लीगल्लीनं जात होतो. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "अन् त्या बाईले पाव भेटून राहिला का?" मी म्हटलं, कोणत्या बाईला? मला खरंच आठवेना, देवू. जेनारोची बायको. माझी सुटका झाल्याबरोबर मी तिला विसरलोसुद्धा.

तू खोटं जमवून सांगितलंसच नाहीस, हेही आईकडून कळलं. जुन्या कागदांची गोष्ट मी तुझ्या हातात दिली, ती तुला तोंडातून काढवली नाही. तू फक्त गप्प बसलीस. आणि तू गप्प आहेस म्हणून तो माणूस अजून घरात कोंडून आहे. ज्यानं पहिल्या हिवाळ्यात तुला बायकोचा कोट दिला, तुला त्यांची भाषा शिकवली, मला कधी न बघता माझ्यासाठी बरणी भरून धाडली. तू वाईट नाहीस. तू बापाला सांभाळते आहेस. मी तुला आयुष्यात कधी एवढं अवघड काम सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते हे.

कारखाना मी सोडला. त्यात मोठेपणा काही नाही. साचा मी उभा करणार नाही म्हटलं, तर शेखर म्हणाले, काका, तब्येतीला जपा, आणि कलकत्त्याहून दुसरा माणूस आला. माझ्यावाचून त्यांचं एक दिवसही अडलं नाही. शरच्चंद्ररावांकडे जाऊन सगळं सांगितलं, शाल परत देतो म्हटलं. ते म्हणाले, अहो, असं काय करता, व्याख्यान तर फार छान झालं. हव, हव, म्हणत मी मान डोलावली आणि उठून आलो. आपल्या माणसांना माझी चूक दिसतच नाही. त्यांना टाळ्या आठवतात.

मग बैरन बाजारच्या चर्चमध्ये गेलो. तिथे एक केरळच्या वयस्कर सिस्टर आहेत, रोमला राहून आलेल्या. मी मराठीत लिहून नेलं होतं, ते त्यांना हिंदीत सांगायचं आणि त्या इटालियनमध्ये लिहायच्या. बाकावर बसून मी वाचत होतो आणि त्या लिहीत होत्या. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, "भैया, यहाँ 'अनजाने में' लिख दूँ? सुनने में ठीक लगेगा."

त्यांनी दयेनं विचारलं होतं. खरं सांगतो, 'हो' ओठांवर आलं होतं.

"नहीं, सिस्टर. मुझे मालूम था कि छुपाने की बात है. इसीलिए तो बोला."

तसंच त्यांनी लिहिलं. पत्र जेनारोच्या नावानं आहे. त्यात सगळं आहे, पडवीतलं उभं राहणंही, शेखरना सांगितलेली उताराची बाजूही. शेवटी विनंती केली आहे की हे तंबूत सगळ्यांसमोर वाचावं. खाली माझं नाव आडनावासकट लिहिलं आहे. ते आडनाव तुझंही आहे, तेव्हा लोक वळून तुझ्याकडे बघतील, कदाचित तुझ्याशीही कुणी बोलायचं नाही. ज्या मुलीनं मला वाचवलं तिला मी वाचवू शकत नाही. एकाचं तोंड उजळायचं तर दुसऱ्याचं काळं होणार, आणि ते तुझं आहे. याला माझ्याकडे उपाय नाही. मला लाज वाटते, देवू. तुझी नव्हे. आजवर मी लोकांना सांगत आलो की मुलगी तंबूत बसते म्हणून लाज वाटते. ते खोटं होतं. मला माझी वाटते.

ते पत्र तुझ्याकडे पाठवून 'त्याला दे' असं लिहिणार होतो. पण मग ते तू फाडशील अशी मला आशा वाटू लागली. माझ्या मनात ती आशा हलली तेव्हाच ठरवलं की पत्र परस्पर त्याच्या घरी जाईल. काल मोठ्या पोस्टात जाऊन ते टाकलं. आता ते माझ्या हातातही नाही.

जेनारोला कळणार, हे ठरलं आहे. ते माझ्या पत्रातून कळावं की तुझ्या तोंडून, एवढं मात्र मी तुझ्यासाठी राखलं आहे. त्याचं पत्र मी साध्या टपालानं टाकलं, तुझं हे कुरियरनं धाडतो. तुझं आधी पोचेल. मधले थोडे दिवस तुझे आहेत. जा त्याच्या घरी, बेटा, आणि त्यानं दार उघडलं तर आधी तूच बोल.

बाबा